बाइंडरबाईंचं दुखणं

पंचेचाळिशी उलटली तरी घरात ती बेबीच राहिली. घराबाहेर मात्र सगळे तिला बाइंडरबाई म्हणत. बाराव्या वर्षी वडिलांनी तिच्या हातात सुई दिली होती. ती कपडे शिवायची नव्हती, पुस्तकं शिवायची होती. वडील गेले, त्यांची गिऱ्हाइकं राहिली. घराच्या पुढच्या खोलीत एक लांबलचक टेबल होतं, पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा होता, खळीचं पातेलं होतं आणि वापरून वापरून काचेसारखी गुळगुळीत झालेली, घड्या बसवायची हाडाची पट्टी होती. कॉलेजच्या वाचनालयातली कणा मोडलेली पुस्तकं, शाळांचे हजेरीपट, वकिलांचे जाडजूड खंड, असं सगळं त्या टेबलावर येई आणि चार-सहा दिवसांनी ताठ मानेनं परत जाई. यंत्रानं चिकटवलेल्या पुस्तकांना ती पुस्तकं म्हणतच नसे. "ती वही पण नाही, नुसता गठ्ठा," म्हणायची.

तिच्यासोबत राहायची तिची वहिनी, थोरल्या भावाची बायको. वहिनी टपाल कचेरीत काउंटरवर होती. पाकीट नुसतं हातात घेऊन वजन सांगायची आणि काटा लाजेल इतकं बरोबर सांगायची. भाऊ जाऊन आठ वर्षं झाली होती. तो गेला त्या महिन्यात वहिनीनं बॅग भरली होती, माहेरी जायचं म्हणून. बेबी दारात उभी राहिली आणि म्हणाली, "जा खुशाल. पण गॅसचा नंबर कुठे लिहिलाय, पंप कधी लावायचा आणि दादाचे कपडे कुणाला द्यायचे, एवढं सांगून जा." ते सगळं सांगता सांगता संध्याकाळ झाली आणि बॅग परत माळ्यावर गेली. तेव्हापासून दोघी एकत्र. भांडणं रोजची होती, पण ती भाजीत मीठ असावं तितपत.

वहिनी तिला बेबी म्हणे. फार संतापली की "अहो वन्सं" म्हणे आणि 'तुम्ही'वर येई. मग बेबी समजून असायची की आता दोन तास तोंड उघडण्यात अर्थ नाही.

तीन वर्षांपूर्वी बेबीचे हात धरायला लागले. सकाळी उठलं की बोटं आंब्याच्या कोयीसारखी टणक. मूठ वळत नसे. वहिनी तिच्या ब्लाउजची बटणं लावून द्यायची, कप दोन्ही हातांत धरून द्यायची, मग कचेरीत जायची. अकराच्या पुढे बोटं जरा सैल होत आणि बेबी कामाला बसे. मोठ्या हॉस्पिटलातल्या सांध्यांच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि समजावून सांगितलं. शरीरात रोगाशी लढणारं जे सैन्य असतं ते बिथरलंय, आपल्याच सांध्यांवर चालून गेलंय. आठवड्यातून एकदा घ्यायची एक गोळी दिली. तिचा गुण यायला दोन-तीन महिने लागणार होते. आणि तोवरचा आधार म्हणून दिली एक छोटीशी पांढरी गोळी, स्टिरॉइडची.

"ही फक्त तेवढ्यापुरती," डॉक्टर म्हणाले. "मी सांगेन तशी कमी करत बंद करायची. आणि हातांना विश्रांती द्या. हे शिवणकाम निम्म्यावर आणा."

पांढऱ्या गोळीनं आठ दिवसांत जादू केली. कुणी सांध्यांत तेल घालावं तशी बोटं मोकळी झाली. बेबी सकाळी सहाला उठून सुईत दोरा ओवायला लागली. वहिनीनं मात्र डॉक्टरांचं विश्रांतीचं वाक्य घट्ट धरून ठेवलं. ती कामं परत पाठवायला लागली. वाचनालयाच्या शिपायाला दारातूनच सांगे, "पुढच्या महिन्यात या." एकदा तर तिनं सुया लपवून ठेवल्या. त्या दिवशी जे भांडण झालं ते शेजारच्यांनी रेडिओ बंद करून ऐकलं.

त्यानंतर चार महिन्यांनी बेबीनं जाहीर केलं, की ती बरी झाली. गोळ्या बंद, डॉक्टर बंद. वहिनीनं हात बघितले. बोटं वळत होती, सूज नव्हती. तिनं विश्वास ठेवला. दोन वर्षांत बेबीचा चेहरा गोल झाला, गाल वर आले. वहिनी कौतुकानं म्हणायची, "मानवलंय हो तुला माझ्या हातचं!" दंडावर कधी निळे डाग दिसत. "टेबलाचा कोपरा लागला," बेबी म्हणायची. टेबलाला कोपरे होतेच, त्यामुळे तेही पटायचं.

मग तो महिना आला. आधी दोघींचंही पोट बिघडलं. वहिनीनं कचेरीजवळच्या दुकानातून कच्च्या दुधाचं मऊ चीज आणलं होतं. दोघींनी ते चार दिवस फ्रीजमध्ये ठेवून पावाला लावून खाल्लं होतं. वहिनी एका दिवसात सावरली. बेबीला तीन दिवस लागले, पण सावरली. ती गोष्ट दोघी विसरूनही गेल्या.

पंधराएक दिवसांनी बेबीचं डोकं दुखायला लागलं. ताप म्हणावा तर तो धड तापही नव्हता, अंग कोमट लागायचं एवढंच. मान अवघडली. "उशी बदल," वहिनी म्हणाली. चौथ्या दिवशी एका शाळेचा शिपाई एक हजेरीपट परत घेऊन आला. बाइंडरबाईंनी बांधलेली वस्तू परत यायची ही पहिलीच वेळ, म्हणून बिचारा ओशाळला होता. त्यानं उघडून दाखवलं. मधली दहा-बारा पानं उलटी शिवलेली होती, आकडे डोक्यावर उभे.

वहिनीला आधी हसू आलं. "बेबी, हे बघ काय केलंयस! मास्तर शीर्षासन करून हजेरी घेणार वाटतं!"

बेबीनं हजेरीपट हातात घेतला. बराच वेळ त्या पानांकडे बघत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "बरोबर आहे की."

वहिनीचं हसू तिथंच विरलं. तीस वर्षांत या बाईनं दुसऱ्याच्या बांधणीतला एक वाकडा टाका कधी सोडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी चहा घेऊन गेली तर बेबी डोक्यावरून पांघरूण घेऊन पडली होती. पडदा सरकवल्याबरोबर ओरडली, "तो उजेड बंद कर." उलटी झाली. वहिनी पाठीवर हात फिरवायला लागली तेव्हा तिनं मान न वळवता विचारलं, "आई, दादा शाळेत गेला का?"

वहिनीनं कचेरीत फोन केला नाही, शेजारी हाक मारली नाही. सरळ ॲम्ब्युलन्स बोलावली.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं बेबीची मान उचलून बघितली. मान उशीपासून सुटताना सगळं अंगच फळीसारखं वर आलं. मग भराभर प्रश्न.

"साखरेचा आजार?"

"नाही."

"किडनीचा? कॅन्सर? कसलं मोठं ऑपरेशन?"

"नाही हो. सांधे दुखायचे मागे, पण ते बरे झाले."

"सध्या काही गोळ्या?"

"काही नाही. दोन वर्षांत डोकेदुखीचीसुद्धा घेतलेली नाही," वहिनी ठामपणे म्हणाली. त्या ठामपणाची तिला पुढे कित्येक वर्षं लाज वाटत राहिली.

बेबीला कुशीवर वळवून पाठीच्या मणक्यांतून पाणी काढलं. मेंदूभोवती तेच पाणी असतं, डॉक्टरीण म्हणाली, त्यात जंतू शिरलेत की नाही ते कळेल. पाणी जरासं गढूळ होतं. मेंदूज्वर आहे हे त्याच दिवशी कळलं. कुठल्या जंतूनं आणला ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं नाही. जंतू वाढवून बघायला दोन दिवस लागणार होते. तोवर या वयात जे जंतू नेहमी सापडतात त्यांच्यावरची औषधं शिरेतून सुरू केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेबी डोळे उघडेना. तोंडाची डावी बाजू खाली ओघळली होती. वहिनी पलंगाच्या कडेला बसून तिचा हात चोळत होती. त्या बोटांना पुठ्ठ्याचा आणि खळीचा वास कायमचा लागलेला. डॉक्टरीण आली, कागद चाळले आणि मग कागद बाजूला ठेवून नुसतं बेबीकडे बघत राहिली. तिच्या गोल चेहऱ्याकडे. दंडावरच्या निळ्या डागांकडे. हाताच्या मागची कातडी तिनं चिमटीत धरून बघितली. कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होती.

"चेहरा आधीपासून असा गोल होता?"

"नाही, या दोन वर्षांत जरा अंग धरलंय तिनं. माझ्या हातचं..."

"ताई, तुमच्यावर माझा विश्वास आहे," डॉक्टरीण म्हणाली. "पण तुम्हाला ठाऊक नसलेलं काही असू शकतं. आत्ता घरी जा. कपाटं, डबे, पर्स, सगळं बघा. रिकामी पाकिटं असली तरी आणा. आणि जे काही सापडेल त्याचा राग नंतर करा."

वहिनी घरी आली. आधी स्वयंपाकघर, मग बेबीचं कपाट, मग तिची पिशवी. काही नाही. पुढच्या खोलीत मात्र तिचा पाय अडला. या टेबलाला ती बेबीच्या पाठीमागे कधी हात लावत नसे. तो अलिखित करार होता. तिनं पहिला ड्रॉवर ओढला, त्यात सुया आणि मेण. दुसऱ्यात कापडाच्या पट्ट्या. तिसऱ्यात दोऱ्याची रिळं, आणि रिळांच्या मागे, अगदी आत, पांढऱ्या गोळ्यांची पाकिटं. बेबीला काही फेकवत नसे. रिकामी पाकिटंसुद्धा तिनं दहा-दहाचे गठ्ठे करून शिवणाच्या दोऱ्यानं नीट बांधून ठेवली होती. गठ्ठ्यांची रांग ड्रॉवरच्या मागच्या फळीपर्यंत गेली होती. सगळ्यांत वर डॉक्टरांची ती जुनी चिठ्ठी, घडीवर घडी पडून फाटायला आलेली. तीच दाखवून ती औषधांच्या दुकानातून आणत राहिली होती आणि कुणी तिला तारीख विचारली नव्हती.

वहिनी खाली बसली. दोन वर्षं. रोज सकाळी आपण चहा करत असताना ही इकडे येऊन गोळी घेत होती. आपण म्हणत होतो, मानवलंय.

निवडत बसायला वेळ नव्हता. तिनं ड्रॉवरच बाहेर ओढून काढला आणि मांडीवर घेऊन बसमध्ये बसली. रिळं गडगडत होती. समोरच्या बाईनं विचारलं, "शिवणकामाला का?" वहिनीनं मान डोलावली. तोंड उघडलं असतं तर तिथंच रडू फुटलं असतं.

 डॉक्टरिणीनं ड्रॉवरमधला एक गठ्ठा उचलून नाव वाचलं आणि तिथूनच नर्सला हाक मारून दोन औषधं लिहून दिली. मग वहिनीला खुर्चीवर बसवून म्हणाली, "या गोळ्यांनी सांधे शांत झाले, कारण अंगातलं सैन्यच गुंगीत गेलं. म्हणून ताप चढला नाही, म्हणून सगळं इतकं सौम्य दिसत राहिलं. अशा माणसाच्या मेंदूपर्यंत एक जंतू पोचतो, लिस्टेरिया नावाचा. मी दिलेल्या औषधांना तो जुमानत नाही. त्याच्यावरचं औषध वेगळं असतं, ते आता सुरू केलंय. आणि या गोळ्या दोन दिवस अंगात गेल्या नाहीत, त्याही एकदम तोडून चालत नाहीत. त्यांतलं औषध शिरेतून देतेय."

"मी काल नाही म्हणाले," वहिनी म्हणाली. "तुम्ही विचारलंत आणि मी नाही म्हणाले."

"तुम्हाला ठाऊक होतं ते सांगितलंत. मी परत विचारायला एक दिवस घेतला," डॉक्टरीण म्हणाली आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी तपासणीचा निकाल आला. लिस्टेरियाच. हा अन्नातून येतो, कच्च्या दुधाच्या वस्तूंतून येतो आणि फ्रीजच्या गारठ्यातही वाढतो, असं कळल्यावर वहिनीला ते चीज आठवलं. तिनं भीत भीत सांगितलं. त्यातूनच आला असेल असं खात्रीनं म्हणता येणार नाही, डॉक्टरीण म्हणाली. दुकानातही नमुना उरलेला नव्हता. पण वहिनीचं मन ते ऐकेना. एकाच तुकड्याचे दोन भाग केले होते. एक आपण खाल्ला, एक तिनं. आपण एक दिवस आडव्या पडलो आणि ती इथे पडलीय.

पाचव्या दिवशी बेबीनं डोळे उघडले. सहाव्या दिवशी पाणी मागितलं. आठव्या दिवशी तिची नजर पलंगाखाली गेली. वहिनीनं ड्रॉवर तिथंच ठेवला होता.

"माझा ड्रॉवर कुणी उघडला?" बेबीनं विचारलं. जीभ जड होती, पण आवाजात जुनी धार होती.

"मी."

"विचारायचं नाही का आधी?"

वहिनी एकदम उभी राहिली. "वा! अहो वन्सं, तुम्ही शुद्धीवर असतात तर विचारलं असतं! अर्ज लिहून परवानगी घेतली असती!" आणि मग तिला इतकं रडू आलं की शेजारच्या पलंगावरच्या आजीबाईंनी तिला पाण्याचा ग्लास पुढे केला.  बेबीनं उजवा हात सरकवत वहिनीच्या पदरापर्यंत आणला आणि पदराचं टोक मुठीत धरलं.

औषध तीन आठवडे शिरेतून चाललं. जीव वाचला, पण सगळं परत मिळालं नाही. डाव्या कानानं ऐकू येईना. चालताना तोल जाई, भिंत धरावी लागे. आणि डावा हात काही धरायला गेलं की थरथरायचा. फर्मा, म्हणजे घडी घातलेल्या पानांचा जुडगा, धरून त्याच्या घडीत सुई घालायची तर डावा हात स्थिर हवा. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी बेबीनं टेबलाशी बसून प्रयत्न केला. पान फाटलं. दुसरं घेतलं, तेही फाटलं. तिनं सुई मेणात खोचून ठेवली आणि पुढची खोली बंद केली.

स्टिरॉइड आता सांध्यांच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, महिन्या-महिन्यानं कमी होत गेलं. दुखणं परत आलं. सकाळी वहिनी परत बटणं लावायला लागली. अशाच एका सकाळी, गळ्याजवळचं बटण लावताना, वहिनीनं विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

बेबी खिडकीकडे बघत म्हणाली, "तू काम सोडायला लावलं असतंस."

वहिनीनं बटण लावलं. "हो," ती म्हणाली. "लावलं असतं."

"हात चालत नाहीत तेव्हा मी कोण असते, ते तुला ठाऊक नाही वहिनी. मी नुसती तुझ्या घरातली एक बाई असते."

"माझ्या घरातली?" वहिनी म्हणाली. "घर तुझं आहे. मीच राहिलेली आहे इथे. आणि तुझा दादा गेल्यावर मी कोण होते, ते तू विचारलं होतंस का? नुसतं गॅसचा नंबर विचारत होतीस." मग म्हणाली, "चीज मी आणलं होतं."

"आणलंस. आणि मला आवडतं म्हणून आणलंस. माझ्या गोळ्या तू आणल्या होत्यास का?"

 चहा निवला आणि वहिनीला त्या दिवशी कचेरीत पोचायला उशीर झाला.

पुढची खोली पाच महिन्यांनी उघडली, तीही वाचनालयाच्या शिपायानं एक म्हातारा शब्दकोश दारात आणून ठेवला म्हणून. असं जुनं बांधून देणारं दुसरं कुणी नाही, म्हणाला. वहिनी कचेरीतून आली की तासभर टेबलाशी बसे आणि बेबी शेजारी, उजवा कान तिच्याकडे करून. "ओढ. अगं, एवढं नाही, कागद आहे तो, पार्सल नाही. आता गाठ. ही गाठ आहे? बुटाची नाडी बांधल्यासारखी?" वहिनी दहा वेळा उसवायची. टपालात आयुष्य गेलेल्या बाईला बांधणं म्हणजे सुतळीनं आवळणं एवढंच ठाऊक होतं. शब्दकोशाला चार महिने लागले. कणा थोडा तिरका आला. बेबीनं तो हातांत फिरवून बघितला आणि म्हणाली, "माझ्या वडिलांनी परत शिवायला लावला असता." पण शिपायाला देताना तिनं कोपऱ्यावर आपला शिक्का मारला.

दर तीन महिन्यांनी दोघी हॉस्पिटलात जातात. बेबी रांगेत बसते आणि दरवेळी नवा डॉक्टर असला, की तो कागद उघडायच्या आत सांगून टाकते: सांध्यांचं हे दुखणं, या गोळ्या, इतक्या, इतकी वर्षं, त्यातली दोन वर्षं चोरून, आणि मग मेंदूज्वर. एका कानानं ऐकू येत नसल्यामुळे तिचा आवाज चढलेला असतो; सगळ्या बाकांना ऐकू जातं. वहिनीला सुरुवातीला ओशाळल्यासारखं व्हायचं. आता ती डोळे मिटून बसते.

मागच्या खेपेला त्या बाहेर निघाल्या तर एक तिशीतली मुलगी दाराशी घोटाळत होती. हॉटेलात भांडी घासायची, हातांना पुरळ. तिनं हळूच विचारलं, दम लागतो म्हणून आणि पुरळासाठी ती दुकानातूनच अशा गोळ्या आणते, दीड वर्ष झालं, आत सांगितलं तर डॉक्टर ओरडतील का?

"काय म्हणतेय?" बेबीनं वहिनीला विचारलं. वहिनीनं तिच्या उजव्या कानात सांगितलं.

"ओरडतील," बेबी म्हणाली. "माझ्यावरही ओरडले. तू एकदम बंद मात्र करू नकोस हां गोळ्या, ते त्यांना ठरवू दे. नंबर कितवा आहे तुझा?"

मुलीनं चिठ्ठी दाखवली. अजून नऊ जण होते. वहिनीनं घड्याळाकडे बघितलं. शेवटची सोयीची बस जाणार होती. बेबीनं भिंत धरली, परत बाकाशी गेली, मुलीला बसवलं आणि ती आपल्या उजव्या कानाशी यावी म्हणून तिच्या डावीकडच्या गृहस्थांना सरकायला लावून बसली.

वहिनीही पिशवी मांडीवर घेऊन तिच्या शेजारी बसली.